प्रतिसाद: संज्ञापन म्हणजे केवळ सफाईदार बोलणे नव्हे

गोव्यातील वेर्ण्याच्या औषध कारखान्यात मनुष्यबळ विभागात असताना संघटनात्मक संज्ञापनात (म्हणजे संस्थेतील माणसांमध्ये माहिती आणि अर्थ कसे पोहोचतात, या विषयात) पदव्युत्तर पदवी घ्यावी की सरळ एमबीए करावे, असे आपण विचारले आहे. संज्ञापनाचा अभ्यासक्रम म्हणजे ‘इंग्रजी सुधारण्याचा वर्ग’, हे आधीच्या एका प्रतिसादात आलेले मत मला मान्य नाही. संज्ञापनव्यवस्था उभी करणे आणि टिकवणे हे व्यवस्थापकाचे पहिले काम असल्याचे अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ मध्येच मांडले होते. पुढे संघटनांचे अभ्यासक कार्ल वाइक यांनी माणसे संदिग्ध परिस्थितीचा अर्थ एकत्रितपणे कसा लावतात, याकडे लक्ष वेधले.

मी होतो त्या कारखान्यात पाळीबदलाची सूचना इंग्रजीतून फलकावर लागली. कोकणी, मराठी, कन्नड बोलणाऱ्या कामगारांपर्यंत ती फाटकाबाहेरच्या गाड्यावर भाजीपावाबरोबर पोहोचली, तीही उलटी, आणि सोमवारी सकाळी निम्मी यंत्रे बंद राहिली. (फलकावरचा कागद मात्र दोन सह्यांनिशी अगदी नीटनेटका होता.) अशा घटनेचा मुलाखती आणि निरीक्षणाच्या आधारे शोध कसा घ्यावा, हे संज्ञापनाची पदवी शिकवते, वित्त किंवा विपणनाकडे वळायचे असेल तर मात्र एमबीएच बरे. प्रवेशापूर्वी संशोधनपद्धती आणि प्रबंध अनिवार्य आहेत का, हे पाहावे, आणि स्वतःच्याच कारखान्यावर प्रबंध लिहायचा असल्यास व्यवस्थापनाची लेखी परवानगी आधीच घ्यावी.