फ्लश ड्रॉ आणि कॉल

पोकरमध्ये 'फ्लश ड्रॉ असेल तर कॉल करायचाच' असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. फ्लश ड्रॉ म्हणजे एकाच चिन्हाची, समजा बदामाची, चार पानं जमलेली आणि पाचव्याची वाट; कॉल म्हणजे समोरच्याने लावलं तेवढंच आपणही घालणं. आधी हिशोब करा. टर्नवर (टेबलावर चौथं पान उघडलंय, एकच यायचंय) पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १०० चिप्स आहेत आणि समोरच्याने ५० लावल्या, तर १५० जिंकण्यासाठी तुम्ही ५० घालताय. म्हणजे निदान २५ टक्के शक्यता हवी. न दिसलेल्या ४६ पानांत तुमच्या कामाचे बदाम ९ (१३ पैकी ४ आधीच दिसलेत), म्हणजे जेमतेम २० टक्के. बदाम आल्यावर समोरचा अजून पैसे घालेल अशी खात्री असेल तर गोष्ट वेगळी, पण नवख्यांना (आणि बऱ्याच जुन्यांनाही!) ती उगाचच वाटत असते. फ्लॉपवर (टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यावर) ऑल-इन असेल, म्हणजे सगळ्या चिप्स आधीच लावल्या असतील, तर उरलेली दोन्ही पानं बघायला मिळतात, तिथे शक्यता ३५ टक्क्यांपर्यंत जाते. बाकी, बटणवर (फ्लॉपपासून सगळ्यांत शेवटी चाल करण्याच्या जागेवर) नसाल तर सुरुवातीची पानं आणखी निवडून खेळा.