शेततळ्यातल्या पोराची छाती का दाबली नाही?

बागवाला_तासगाव
गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या शेततळ्यात सहा वर्षांचं पोरगं गेलं. जेवणवेळेपासून दिसेना, पाचला तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर त्याची चप्पल दिसली. मीच उतरून वर काढलं. १०८ आली. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, छातीला मशीनच्या पट्ट्या लावल्या, जबडा हलवून बघितला, सदरा वर केला आणि उठल्या. पाच मिनिटंसुद्धा नाहीत. आदल्या वर्षी विहिरीतून काढलेल्या पोरीची मात्र सांगली येईपर्यंत छाती दाबत नेली होती. ह्याच्यावर प्रयत्न का नाही? त्याची आई अजून मलाच विचारते.

जुना_१०८वाला, सातारा
२०१४ ला सेवा सुरू झाली तेव्हापासून नऊ वर्षं गाडीवर डॉक्टर होतो. विहिरीतली पोरगी पाण्यात किती वेळ होती?

बागवाला_तासगाव
दहा मिनिटं असेल. बरोबरच्या पोरींनी लगेच ओरडा केला.

जुना_१०८वाला, सातारा
मग तिला दाबणारच. नुसतं अंग गार आहे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात, एवढ्यावर आम्ही सोडत नाही. पाण्यातून काढलेलं पोर गारच लागतं. शंका असली तर सुरू करायचं. लहान पोरांचं हृदय बहुतेकदा श्वास कोंडल्यानं थांबतं, म्हणून बुडालेल्याला आधी तोंडानं श्वास, मग छाती. दोघं असलो की १५ दाब, २ श्वास.

पण मेल्यानंतरचा ताठरपणा आधी जबड्या-मानेत येतो, हातापायांत नंतर. सदरा वर केला तो रक्त साकळल्याचे जांभळे डाग बघायला. हे दिसलं आणि मॉनिटरवर सरळ रेघ असली, तर दाबून काही उपयोग नसतो.

मी एकदा कोरेगावकडं जबडा ताठ असताना वीस मिनिटं दाबत बसलो. भोवती अख्खी वस्ती, आई माझा हात धरून. थांबायची छाती झाली नाही. त्या माउलीला फुकट आशा लावली. तुमच्या बाईंनी जे केलं ते मला जमलं नव्हतं.

वाळवेकर
आमच्याकडं अजून पाय धरून गरगर फिरवतात, पाणी निघावं म्हणून.

जुना_१०८वाला, सातारा
दिसलं तर अडवा. पोटातलं अन्न छातीत उतरतं आणि श्वास द्यायची वेळ त्यातच जाते.

बागवाला_तासगाव
डॉक्टर, वर काढल्यावर शेवाळ काढायला मी त्याच्या तोंडात बोट घालायला गेलो होतो. तोंड उघडलंच नाही. मला वाटलं, दातखीळ बसलीय.