‘फॅमिली ऑफ मॅन’ : भाबडं, पण तेवढंच नाही

‘फॅमिली ऑफ मॅन’ या फोटो-प्रदर्शनाला कुणी ‘नुसता भाबडेपणा’ म्हणतं, ते मला अर्धंच पटतं. १९५५ साली छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ६८ देशांतले ५०३ फोटो लावले. जन्म, लग्न, मरण सगळीकडे सारखंच, हा सूर जरा गोडच. त्यात इतिहास पुसला जातो, ही फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थची टीका मला रास्त वाटते. पण मांडणी बघा ना! फोटोंना चौकटी नाहीत. कुठे लहान, कुठे भिंतभर, काही चक्क छताला टांगलेले. आणि सगळ्या कृष्णधवल फोटोंत रंगीत, भलामोठा असा एकच: हायड्रोजन बॉम्बचा स्फोट. हा काही भाबडेपणा नव्हे.

बाय द वे, १९५६ मध्ये हे प्रदर्शन मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीलाही आलं होतं. आता ते लक्झेंबर्गमध्ये क्लेर्व्होच्या किल्ल्यात कायमचं मांडलेलं आहे.