'लाँग-लिव्हड पार्टिकल'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, इथे नाशिकरोडला बारावीच्या पोरांपुढे एलएचसीवर (प्रोटॉनच्या टकरी घडवणारं सर्नचं मोठं यंत्र) बोलायचंय, पूर्ण मराठीत. वरच्या शब्दाला 'चिरंजीव कण' लिहिलंय, चालेल का? आणि 'डिस्प्लेस्ड व्हर्टेक्स'ला शिरोबिंदू म्हणू का?

ताई, चिरंजीव अजिबात नको. चिरंजीव म्हणजे मारुती, अश्वत्थामा, जो मरतच नाही तो. हे कण मरतात, आणि नेमके कुठे मरतात तेच तर शोधायचं असतं. 'दीर्घायू' म्हणा, पण हे दीर्घ कशाच्या मानाने ते आधी सांगा, नाहीतर पोरांना वर्षं वाटतील. हिग्ज, टॉप क्वार्क हे कण टकरीत जन्मल्या जागीच संपतात. उलट म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो आणि वेग प्रकाशाच्या जवळपास, त्यामुळे टकरीतले कण टिपणारं अख्खं यंत्र, म्हणजे डिटेक्टर, ओलांडून बाहेर पडतो, म्हणजे त्या यंत्रापुरता तो अमरच. हे नवे कण सापडलेच (अजून सापडलेले नाहीत) तर या दोघांच्या मधले, काही मिलिमीटर ते काही मीटर जाऊन संपणारे. नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, फळ्यावर पट्टी ठेवून दाखवा, लगेच कळतं.

शिरोबिंदू म्हटलं की पोरांना त्रिकोणच आठवणार. मी 'दूरचा क्षयबिंदू' म्हणेन. चित्रात टकरीच्या जागेतून सगळ्या रेषा फुटलेल्या असतात आणि वीतभर लांब, काहीच नसलेल्या जागेतून अचानक दोन रेषांचा व्ही निघतो, तो हा. तसा व्ही केऑन हा ओळखीचा कणही काढतो, म्हणून एवढ्याने शोध लागला असं होत नाही.

मी 'विघटन' वापरते, ते चुकीचं का?

दिशाभूल होते. आत आधीपासून तुकडे होते असं वाटतं. तसं नसतं, एक कण नाहीसा होतो आणि त्याच्या जागी दुसरे तयार होतात. क्षय बरा. 'एक्झॉटिक'चं 'विदेशी' पण करू नका प्लीज, सरळ 'स्टँडर्ड मॉडेलबाहेरचे' म्हणा, म्हणजे ज्ञात कणांच्या सिद्धांतात न बसणारे.

बरं. आणि ट्रिगर?

ट्रिगरच ठेवा. दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनचे जुडगे समोरासमोर येतात, सेकंदाला जवळपास ४ कोटी वेळा, सगळं साठवणं अशक्य, म्हणून काय ठेवायचं ते ट्रिगर क्षणात ठरवतो, आणि त्याची सवय मधोमध जन्मलेल्या गोष्टी पकडायची. उशिरा किंवा लांब संपणारा कण तिथेच फेकला जाऊ शकतो, खरी अडचण ही. आणि त्याहूनही लांब जाऊन संपणारे कण पकडायला फेसर हा छोटा डिटेक्टर ॲटलास या एलएचसीवरच्या मोठ्या डिटेक्टरमधल्या टकरीच्या जागेपासून ४८० मीटर लांब बसवलाय. हा भाग नक्की घ्या ताई, वेळ कमी पडला तर हिग्जचा कापा.