बोनहॉफर या जर्मन आडनावाचा अर्थ काय? आणि हे नाव इतकं दुर्मिळ का?

यू८चा_प्रवासी:
नमस्कार मंडळी, बर्लिनला येऊन आठ महिने झाले, रोज यू८ मेट्रोने जातो आणि त्या लाइनवर विटेनाउच्या अलीकडे एक स्टेशन लागतं, कार्ल-बोनहॉफर-नेर्फेनक्लिनिक. मुलगी दुसरीत आहे, तिला सगळ्या पाट्या वाचायच्या असतात आणि प्रत्येक नावाचा अर्थ हवा असतो. श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी, बेकर म्हणजे पाववाला, एवढं मी सांगतो पण बोनहॉफरला अडलो. मला आधी वाटलं बॉन शहरावरून असेल. ऑफिसातला एक जण म्हणाला "होफेन" म्हणजे आशा करणे, त्यावरून आलंय. पण दोन्ही पटत नाहीयेत. दुसरं म्हणजे या नावाच्या शाळा, रस्ते, चर्च सगळीकडे दिसतात पण या आडनावाचा माणूस मला अजून एकही भेटला नाही, ऑफिसात नाही, शेजारी नाही, दारावरच्या बेलवर पण नाही. असं कसं? कोणाला माहीत असेल तर नीट सांगा, मुलीला चुकीचं सांगायचं नाहीये.

शब्दवेडी:
बॉन नाही आणि आशा पण नाही, शेंगा आहेत! "बोने" म्हणजे बीन्स, "होफ" म्हणजे शेतवाडी, वाडा-गोठा-अंगण सगळं धरून. म्हणजे शेंगांच्या वाडीवरचे लोक. घराण्याचं मूळ नाव "फान डेन बूनहॉफ" असं होतं, हे डच पद्धतीचं, कारण ही मंडळी नेदरलँड्समधल्या नायमेगेनची. जर्मन मुलखात आल्यावर पुढचं "फान डेन" गळलं आणि मागे "-अर" लागला. हा "-अर" आपल्या "-कर"सारखा काम करतो, व्हिएन्नाचा तो वीनर, न्यूर्नबर्गचा तो न्यूर्नबर्गर, जसं पुण्याचा पुणेकर. (मात्र प्रत्येक "-अर" गावाचा नसतो हं, म्युलर हा गिरणीवाला, तिथे "-अर" धंद्याचा आहे, त्यामुळे नुसतं शेपूट बघून ठरवायचं नाही.)

आणि शेंगा म्हटल्यावर डोळ्यासमोर घेवडा किंवा राजमा आणू नका. ते दोन्ही अमेरिकेतून युरोपात आले, कोलंबसनंतर. हे नाव त्याच्या आधीचं असणार, तेव्हा तिकडे "बोने" म्हणजे ज्याला हिंदीत बाकला म्हणतात ते, आपल्या वालापेक्षा बरंच मोठं चपटं कडधान्य. गरिबाचं रोजचं जेवण होतं ते. मुलीला वालाचं बिरडं आवडत असेल तर तसंच सांगा, तिला लगेच कळेल.

उच्चाराचं पण सांगते, स्पेलिंगमध्ये ओ आणि ई अशी दोन अक्षरं शेजारी आहेत म्हणून "बोन-हो-एफर" म्हणू नका. तो एकच स्वर आहे, ओठ "ओ"ला करतो तसे गोल ठेवायचे आणि आतून "ए" म्हणायचं. जर्मन लोक एरवी ओवर दोन टिंबं देऊन तो लिहितात. जुन्या लिखाणात हे नाव टिंबांनी पण दिसतं, या घराण्याने ई ठेवली.

श्टुटगार्टकर:
शब्दवेडी ताईंनी बरोबर सांगितलंय, त्यात माझी भर. हे घराणं १५१३ मध्ये नायमेगेनहून श्वेबिश हालला आलं. माझ्याकडून ट्रेनने तासाभराच्या थोडं पुढे आहे, कोखर नदीवरचं मिठाचं गाव, पूर्वी स्वतंत्र शाही नगर होतं. आले तेव्हा सोनार होते, मग पुढच्या पिढ्यांत पाद्री, डॉक्टर, नगरसभेतले मानकरी. मिखाएल चर्चमध्ये त्यांची स्मारकं आहेत, समोरच्या भल्यामोठ्या दगडी पायऱ्यांवर उन्हाळ्यात नाटकं होतात, १९२५ पासून चालू आहे ते. मी दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा त्या पायऱ्यांवर तासभर नुसता बसून राहिलो. घराण्याचं चिन्ह सिंहाचं आहे आणि त्याच्या पंजात तलवार नाही, शेंगांची वेल आहे! हिटलरविरोधी पाद्री डीट्रिश बोनहॉफरकडे त्या चिन्हाची अंगठी होती. पाचशे वर्षं झाली गाव बदललं, भाषा बदलली, धंदा बदलला पण शेंग सोडली नाही, मला हे फार आवडतं.

अजून एक, होफवरून आलेली आडनावं वायव्य जर्मनीत ढिगाने आहेत, नॉयहॉफ, आल्टहॉफ वगैरे. वेस्टफालियात तर जो माणूस वाडीवर राहायला येई त्याला वाडीचं नाव लागे, म्हणजे वाडीच्या वारस मुलीशी लग्न करून जावई आला तर त्याचं आधीचं आडनाव जाऊन वाडीचं लागायचं. घरजावयाचं आडनावच बदललं! नाव माणसाचं नव्हतंच, जमिनीचं होतं.

यू८चा_प्रवासी:
अरे वा, शेंगा! हे ती जन्मात विसरणार नाही. पण माणसं कमी का ते अजून कळलं नाही. आणि स्टेशनवाले कार्ल आणि डीट्रिश एकच घर का?

मराठवाडी_इन_जर्मनी:
एकच घर दादा. कार्ल बोनहॉफर (१८६८ ते १९४८) हे मनोविकारतज्ज्ञ, १९१२ ते १९३८ बर्लिनच्या शारिटे इस्पितळात मनोविकार विभागाचे प्रमुख. त्यांचं नाव घेताना हेही सांगायला पाहिजे की नाझी काळात सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याखाली त्यांनी तज्ज्ञ म्हणून अहवाल दिले, त्यावर जर्मनीत बरीच टीका झालीय आणि ती व्हायलाच हवी. डीट्रिश हा त्यांचा मुलगा, जन्म ४ फेब्रुवारी १९०६, ब्रेसलाउचा म्हणजे आताच्या पोलंडमधल्या व्रॉत्सवाफचा. पाद्री होता, हिटलरच्या विरोधात उभा राहिला, ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनब्युर्गच्या छळछावणीत फाशी दिली. शाळा-रस्ते जास्त करून त्याच्या नावाचे.

आता माणसं कमी का. एक कारण मूळचं आहे. म्युलर, श्मिट ही नावं कशी, प्रत्येक गावात गिरणीवाला आणि लोहार होताच, म्हणून एकमेकांशी नातं नसलेल्या हजारो घरांना तीच नावं पडली. शेंगांच्या एका वाडीवरून पडलेलं नाव त्या एका वंशाबरोबरच चालतं, ते फैलावणार किती. दुसरं कारण वाचताना पोटात कालवतं. कार्ल आणि पाउला यांना आठ मुलं, चार मुलगे चार मुली. वाल्टर १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात गेला. क्लाउस वकील होता, त्याला नाझींनी एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनमध्ये गोळ्या घातल्या, रशियन फौजा शहरात शिरलेल्या असताना. डीट्रिशची १९४३ मध्ये मारिया फॉन वेडेमायरशी सोयरीक जमली होती, लग्न व्हायच्या आत अटक. राहिला थोरला कार्ल-फ्रीडरिश, रसायनशास्त्रज्ञ. मुली सासरच्या नावाने गेल्या, श्लायखर, दोनानी, लाइबहोल्त्स, ड्रेस, आणि त्यातले दोन जावईसुद्धा एप्रिल १९४५ मध्येच मारले गेले. १९८० च्या दशकात हांबुर्गचे महापौर असलेले क्लाउस फॉन दोनानी आणि संगीत संचालक क्रिस्टोफ हे या घरचे भाचे, पण आडनावावरून कळणार आहे का? आडनाव मोजणाऱ्याला अर्धं घर दिसतच नाही.

शब्दवेडी:
अगदी खरं. पूर्वी जर्मनीत लग्नानंतर नवऱ्याचंच नाव लागायचं, दोघांपैकी कुठलंही निवडायची कायदेशीर मुभा १९७६ ची, आणि आता १ मे २०२५ पासून जोडआडनाव दोघांनाही घेता येतं. तो नियम आधी असता तर आज बोनहॉफर किती तरी जास्त दिसले असते.

श्टुटगार्टकर:
आपल्याकडचा धागा पण आहे बरं का. डीट्रिशला गांधीजींच्या आश्रमात येऊन राहायचं होतं, त्याने पत्र लिहिलं आणि गांधीजींनी नोव्हेंबर १९३४ मध्ये या म्हणून उत्तर पण पाठवलं. पण १९३५ मध्ये त्याला पाद्र्यांना शिकवायच्या कामासाठी जर्मनीत परत जावं लागलं, येणं राहून गेलं. हे वाचलं तेव्हा मला दोन दिवस हळहळ वाटत होती.

यू८चा_प्रवासी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज येताना स्टेशनवर मुलीला सांगितलं, शेंगांच्या वाडीवरचे. तिने विचारलं मग सिंह कशाला, सिंह शेंगा खातो का. सुट्टीत श्वेबिश हालला यायचं ठरतंय, श्टुटगार्टकर, तुम्हाला मेसेज करतो, त्या पायऱ्यांवर भेटू.