आईचं बोट फोनला ओळखू येत नाही

सोलापूरची लेक:
आई तीस वर्षं विड्या वळतेय. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक मुडपून दोरा बांधायचा. उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या रेषा पार झिजल्यात, कातडी गुळगुळीत, पिवळट. दिवाळीत तिला फोन घेतला, स्क्रीनवरच बोट ठेवून ठशानं उघडायचा. सारखं ‘पुन्हा प्रयत्न करा’. ती मुकाट्यानं बोट पदराला पुसते नि परत ठेवते. मला बघवत नाही. त्याच स्क्रीनवर ती त्याच बोटानं नंबर लावते, तेव्हा बरं कळतं! मग ठसाच का कळत नाही?

मोबाईलवाला दादा:
ताई, स्पर्श आणि ठसा या दोन वेगळ्या गोष्टी. स्पर्श ओळखणारं जाळं साधारण चार-पाच मिलिमीटर अंतराचं असतं, ठशातल्या दोन रेषांत जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणून ठशासाठी काचेखाली वेगळा सेन्सर बसवतात. मध्यम किमतीच्या फोनमध्ये तो बहुधा ऑप्टिकल असतो. बोट ठेवलं की तेवढी जागा लख्ख उजळते आणि खालून फोटो निघतो. कोरडं, झिजलेलं बोट काचेला नीट टेकत नाही, फोटो फिका येतो.

अंगठ्याचा नाद सोडा. डाव्या हाताची अनामिका किंवा करंगळी घ्या, तेच बोट दोनदा नोंदवा. रात्री खोबरेल चोळायचं, सकाळी हात पुसून नोंदणी. जाड टेम्पर्ड ग्लास असेल तर आधी काढा. आणि पिन आईंना पाठ हवाच.

संगणकाचा मास्तर:
ठशावाचूनही प्रयोग झालेत. 2015 मध्ये याहू लॅब्सनं ‘बॉडीप्रिंट’मध्ये साध्या टचस्क्रीनवर कान टेकवून माणूस ओळखला, कारण कान मोठा, त्या विरळ जाळ्यालाही दिसतो. पण चाचणी अवघ्या 12 जणांवर होती. तुमच्या आईंना आज उपयोग दादांच्या सल्ल्याचाच. एक सांगतो, आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात. रेशनच्या मशीनवर अंगठाच लावला पाहिजे असं नाही.

सोलापूरची लेक:
दादा, डावी अनामिका दोनदा नोंदवली. दहातल्या आठ वेळा उघडतो! काल रात्री तिनं स्वतः फोन उघडून मामाला लावला, मी नुसती शेजारी बसले होते. मास्तर, रेशनचं माहीत नव्हतं. तिथं गेल्या महिन्यात अंगठ्यापायी दोन खेपा झाल्या तिच्या. या वेळी मी बरोबर जाते, अनामिका लावायला सांगते.