मदत हवी आहे: सावळ्या मुलीच्या अंगावरचं पुरळ ओळखायचं कसं?

आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. मुलगा सात वर्षांचा, नवऱ्यावर गेलाय, गोरापान. मुलगी चार वर्षांची, माझ्यासारखी सावळी. थंडीत दोघांनाही खाज सुटली. मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला लालभडक चट्टे उठले, डॉक्टरांनी लांबूनच बघून 'इसब' सांगितलं. मुलीचं काही लाल झालंच नाही. मान काळपट-राखाडी पडली, गुडघ्यामागे अंगावर काटा यावा तसे बारीक दाणे. "कोरडेपणा आहे, खोबरेल लावा" म्हणून परत पाठवलं.

घरी वेगळीच तऱ्हा. मावससासूबाई म्हणाल्या, मानेवर मळ साचलाय, नीट घास. मीही शहाणी, आठवडाभर डाळीचं पीठ लावून घासत बसले. टॉवेलला रक्त लागलं तेव्हा थांबले.

आता गालावर फिकट चट्टे आलेत. सासूबाई म्हणतात जंत, शेजारीण म्हणते कॅल्शियम, आणि एका नातेवाईकांनी हळूच विचारलं, "कोड नाही ना?" त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नेटवर बघावं तर बहुतेक फोटो गुलाबी गालांच्या पोरांचे. लाली दिसतच नसेल तर आईने बघायचं तरी काय?

वॉर्डातली ताई:
मी मिरजेत लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तपासल्याशिवाय निदान होत नाही, पण एक सांगते, लाल रंग शोधणं सोडा. सावळ्या कातडीवर सूज आली की ती जांभळट, राखाडी किंवा नुसती जास्त काळी दिसते. तुम्ही लिहिलेले ते बारीक दाणे सावळ्या मुलांच्या इसबात बऱ्याचदा दिसतात.

हाताने बघा. बोटांच्या मागच्या बाजूने आधी चांगल्या कातडीवरून, मग चट्ट्यावरून हात फिरवा. खरखरीत, जाड, गरम लागतंय का? नखांचे ओरखडे आहेत का? रात्री झोपेत खाजवते का? बोटांच्या बेचक्यात दाणे असतील आणि घरात इतरांनाही रात्री खाज येत असेल तर खरजेचा संशय घ्यायचा, तिथे सगळ्या घराला एकदमच औषध लावावं लागतं.

गालाचं म्हणाल तर कडा पुसट, वर बारीक कोंडा, असं असेल तर बहुतेक वेळा ते साधं असतं. जंतांशी किंवा कॅल्शियमशी त्याचा संबंध नाही. उन्हात बाकीचा चेहरा रापतो म्हणून ते उठून दिसतं, जायला काही महिने लागतात. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, कडा रेखीव, वर कोंडा नसतो. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ अंधारात खास दिवा धरून बघतात. आणि फिकट चट्ट्याला स्पर्श कळत नसेल तर लगेच दाखवा, तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं आणि माणूस पूर्ण बरा होतो.

अजिबात थांबायचं नाही अशी एक गोष्ट सांगते. ताप आहे, पोर मलूल आहे आणि अंगावरचे ठिपके काचेचा पेला दाबला तरी पुसट होत नाहीत, तर रात्र असो की पहाट, थेट मोठ्या दवाखान्यात. सावळ्या मुलात हे ठिपके तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडातल्या टाळूवर शोधायचे. ठिपके सापडले नाहीत तरी मलूल पोराला घरी ठेवू नका.

कराडकर:
फोटोंचं दुखणं तुमच्या एकटीचं नाही. लंडनमध्ये मलोन मुकवेंडे नावाच्या डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याला हाच प्रश्न पडला होता. 2020 मध्ये त्याने आपल्या दोन शिक्षकांबरोबर सावळ्या-काळ्या कातडीवरच्या लक्षणांची पुस्तिका काढली, 'माइंड द गॅप'. नेटवर फुकट आहे.

हायवेवाला:
मेडिकलमधून विचारून ट्यूब आणू नका, एवढंच सांगायला आलो. आमच्या साताऱ्यात मी पोराच्या नायट्याला तसली चार औषधांची मिश्र ट्यूब लावली. दोन दिवसांत खाज गेली, मी खूश. महिन्याने नायटा पाठभर, आणि गोल कडाच राहिली नाही, त्यामुळे डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागला. त्यात स्टेरॉइड होतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काल दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पडदा सरकवला, पोरीला खिडकीजवळ उभं केलं आणि मानेवरून हात फिरवला. इसबच आहे. हलकं मलम ठरावीक दिवस, आणि अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. घासणं पूर्ण बंद. गालाचे चट्टे त्यातलेच, कोड नाही. मानेचा काळेपणा मात्र खाज थांबल्यावरही बरेच महिने राहील म्हणाले.

पहिल्यांदा दाखवायला नेलं तेव्हा आजेसासूबाईंनी मानेला हळद-साय चोपडली होती. हळदीचं गाव आमचं, काय बोलणार! पण पिवळ्या मानेवर डॉक्टरांना तरी काय दिसणार होतं? पुढच्या तपासणीच्या सकाळी डबा वरच्या फळीवर ठेवणार आहे.